आधी माणूस, मग जंगल



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. त्यांच्यावरची धूळ पुसली जाते, मागच्या सफरीतली एखादी विसरलेली पिन किंवा चिंचेची गोळी कप्प्यात सापडते आणि मुले नाचू लागतात. गेल्या वर्षी आमच्या घरी उतरलेली बॅग मात्र गावी जाणार नव्हती, हैदराबादला नव्हती आणि महाबळेश्वरलाही नव्हती. ती जाणार होती मलेशियाच्या सबाह राज्यात, बोर्निओ बेटावर. तिथे किनाबातांगान नावाची ५६० किलोमीटर लांबीची नदी आहे. तिच्या काठी सुकाऊ गावाजवळ, वर्षावनातल्या एका लॉजवर आम्ही तीन रात्री राहणार होतो.

आमची आपा क्वालालंपूरला राहते. अम्मींना लेकीला भेटायचे होते आणि आमच्या दोन मुलांना ओरांगउटान पाहायचे होते. दोन्ही गोष्टी एकाच सफरीत उरकू, असे आम्ही ठरवले. नातेवाइकांपैकी काहींनी नाके मुरडली. "६९ वर्षांच्या बाईला जंगलात कशाला नेता? त्यांना आपाकडे ठेवा आणि तुम्ही जा," असे सांगणारेही भेटले. अम्मी एवढेच म्हणाल्या, "मी देवरुखच्या डोंगरातली. जंगल मला नवीन नाही. पण तुम्हाला जड होत असेन तर राहते मागे." आम्ही हसून विषय संपवला. तो 'जड' शब्द पुढे आम्हालाच ऐकावा लागणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

पंधरा दिवस तयारी चालली होती. फ्रिजवर यादी लावली होती. जळवांसाठी खास मोजे, डासांचे मलम, दुर्बीण, कॅमेरा, कॅमेऱ्याची मोठी लेन्स, टॉर्च, रेनकोट. रोज रात्री जेवणानंतर जंगलाचे व्हिडिओ पाहायचे आणि यादीत एक ओळ वाढवायची. निघायच्या आदल्या रात्री सामान काट्यावर चढवले. स्वस्त तिकिटाच्या विमानात हातातल्या सामानाला माणशी ७ किलोची मर्यादा होती. एक बॅग दीड किलोने जड भरली. कॅमेरा मोठ्या बॅगेत टाकला तर फुटेल. मग काय काढायचे? अम्मींच्या औषधांचा डबा काढला आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत नीट बसवला. काटा ७ वर आला. आम्ही खूश झालो.

क्वालालंपूरला आपाकडे चार दिवस मजेत गेले. तिथून संदाकानला जाणारे विमान पकडताना बॅगा पुन्हा तशाच भरल्या. तीन तासांत संदाकानला उतरलो. पट्ट्यावरून सगळ्यांचे सामान आले, आमची मोठी बॅग आली नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहून सांगितले, "उद्या दुपारच्या विमानाने येईल." बॅगेत अम्मींचे इन्सुलिनचे पेन, सुया आणि साखर मोजायचे यंत्र होते. रक्तदाबाच्या दोन दिवसांच्या गोळ्या तेवढ्या त्यांच्या पर्समध्ये होत्या. संध्याकाळचे पाच वाजले होते. जेवणाआधीची सुई टोचायची कशी?

टॅक्सीवाल्याने एका दवाखान्यात नेले. नशिबाने आपाच्या आग्रहावरून निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला होता. त्यावर औषधाच्या कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नावही होते. तिथल्या डॉक्टरांनी ते वाचले, अम्मींची साखर तपासली, नवी चिठ्ठी लिहिली. त्याच घटकाचे, पण दुसऱ्या नावाचे पेन औषधांच्या दुकानात मिळाले. इशाच्या वेळेपर्यंत अम्मी जेवल्या. अल्हम्दुलिल्लाह, निभावले.

पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या अम्मींनी आमच्या हातातल्या बॅगेकडे पाहिले. तिच्या बाहेरच्या कप्प्यातून जळवांचे मोजे डोकावत होते. रागाने नाही, अगदी साधेपणाने त्या म्हणाल्या, "जळवांचे मोजे हातात आणि माझी सुई विमानाच्या पोटात. बॅग भरताना तुम्ही जनावरांचा हिशेब केलात. माझा राहिला."

आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचले नाही. दीड किलो जड झाले तेव्हा आम्ही कॅमेरा ठेवला होता आणि अम्मींचा डबा उतरवला होता. बॅग उशिरा आली ही विमान कंपनीची चूक असेल, पण डबा त्या बॅगेत टाकला तो आमच्या हातांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधीच बजावले होते की बॅगेतले जुने पेन वापरू नका. विमानाच्या सामानाच्या भागात इन्सुलिन गोठू शकते. एकदा गोठलेले औषध नंतर वरून चांगले दिसले तरी निकामी असू शकते. पाच पेन फेकून द्यावे लागले.

म्हणून या महिन्याच्या सदरात आम्ही जंगलाच्या मुक्कामाची यादी देतो आहोत, पण ती संदाकानच्या त्या संध्याकाळी शिकलेल्या क्रमाने.

पहिली पिशवी औषधांची

घरातल्या सगळ्यात नाजूक माणसापासून बॅग भरायला सुरुवात करा. वृद्ध असोत, तान्हे बाळ असो, दम्याचा मुलगा असो. त्याची पिशवी भरून हातातल्या सामानात गेली की मगच बाकीचे काढा. मुक्कामाच्या दिवसांपेक्षा किमान चार दिवसांची औषधे जास्त घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ नावांसह घ्या, तिचा फोटो दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

बहुतेक प्रकारचे वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकते. न उघडलेले मात्र फ्रिजमध्ये हवे. आपल्याकडे पाण्यात भिजवून थंड करायच्या पिशव्या मिळतात. त्या कोरड्या हवेत छान चालतात, पण वर्षावनात हवाच इतकी ओली असते की पिशवीतले पाणी सुकत नाही आणि थंडावा येत नाही. त्यापेक्षा चांगला थर्मास घ्या, बर्फ औषधाला थेट लागू देऊ नका, आणि लॉजवर पोचताच स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये जागा मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

याशिवाय तापाची गोळी, जुलाबासाठी ओआरएस, खाजेची गोळी, जंतुनाशक मलम, पट्ट्या. सबाहमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा एक मलेरिया आढळतो, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सुकाऊ संदाकानपासून सुमारे १३० किलोमीटर आहे आणि मोठे रुग्णालय संदाकानलाच. प्रवास विमा उतरवताना रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचून घ्या.

कागदांत एक गोष्ट लक्षात ठेवा. सबाह मलेशियातच असले तरी तिथे येणाऱ्यांची तपासणी ते राज्य स्वतः करते. क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी पासपोर्ट दाखवावा लागतो. तो आपाच्या घरी कपाटात ठेवून निघू नका.

दुसरी पिशवी नमाजची

इथे आम्ही उगाच घाबरलो होतो. जंगलात पाणी कसे असेल, किबला कसा कळेल, जेवण हलाल असेल का? सुकाऊच्या नदीकाठी राहणाऱ्या लोकांना ओरांग सुंगाई म्हणतात, म्हणजे नदीची माणसे. त्यांच्यातले बहुतेक मुसलमान आहेत. आमच्या लॉजचा स्वयंपाकी, नावाडी, वाटाड्या सगळेच त्यांच्यातले. पहाटे नदीपलीकडून अजान ऐकू आली तेव्हा अम्मी अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलंच गाव!"

मलेशियात खोलीच्या छतावर किबल्याचा बाण चिकटवलेला असतो. आमच्या लाकडी खोलीतही होता. तरी साधे होकायंत्र जवळ ठेवा. मुंबईप्रमाणेच बोर्निओतूनही किबला पश्चिमेकडेच येतो, किंचित उत्तरेला झुकलेला. मोबाइलला तिथे नेटवर्क नसेल, म्हणून नमाजच्या वेळा घरूनच कागदावर उतरवून न्या. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. फजर पाचच्या सुमारास होते आणि सकाळची होडी सहाला सुटते, त्यामुळे फजरची नमाज निवांत होते. संध्याकाळची होडी चारला निघते आणि मगरिबच्या सुमारास परतते. आम्ही कोकणातले शाफई आणि मलेशियाही शाफई, त्यामुळे सफरीतली कसर आणि जुहर-असर मिळवून पढण्याची सवलत यांबद्दल कुणाला काही समजावावे लागले नाही. हनफी घरांनी होडीच्या वेळेबद्दल लॉजवाल्यांशी आधीच बोलून घ्यावे. ते वेळ मागेपुढे करतात.

जायनमाज पातळ, लवकर सुकणारी घ्या. आमची मखमली जायनमाज पहिल्या दिवशी दमट झाली ती घरी पोचेपर्यंत दमटच राहिली. आणि हो, लोटा घरीच ठेवा. तिथल्या न्हाणीघरात पाण्याची नळी असते. आमचा लोटा संपूर्ण सफर करून कोरडाच परत आला, मुले अजून त्यावरून चिडवतात.

तिसरी पिशवी कपड्यांची

जंगलात कपडे भिजतात ते पावसाने, घामाने आणि नुसत्या हवेने. भिजलेले सुती कापड दोन दिवस सुकत नाही आणि जीन्स तर सुकतच नाही. प्रत्येकी तीन जोड पुरेत, पण ते पातळ आणि झटपट सुकणाऱ्या कापडाचे हवेत. एक अंगावर, एक दोरीवर, एक कोरडा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. हा तिसरा जोड रात्रीच्या नमाजसाठी आणि झोपेसाठीच ठेवा, कितीही मोह झाला तरी जंगलात घालू नका.

आपल्या भगिनी विचारतात, परदा सांभाळून जंगलात जमते का? आमचा अनुभव असा की जंगलात सगळ्यांनाच लांब बाह्या आणि पूर्ण पायघोळ कपडे घालायला सांगतात, डास आणि काटे यांच्यामुळे. परदेशी पाहुण्याही गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या होत्या. फक्त घोळदार बुरखा होडीत चढताना पायात येतो आणि चिखलात त्याची कड जड होते. गुडघ्याखाली येणारा सैल कुर्ता, सैल पायजमा आणि पिनांनी घट्ट बसवलेला हिजाब सोयीचा. वरून होडीतले लाइफ जॅकेट येतेच. हिजाबाच्या आतली टोपी मात्र चार-पाच घ्या, कारण घामाने तीच आधी भिजते. रंग मातकट, हिरवट, राखाडी असावेत. पांढरा आणि भडक रंग नको. सॅनिटरी पॅड घरूनच न्या, तिथे दुकान नाही. वापरलेले टाकायला बंद पिशव्याही न्या.

पायांसाठी मोजे जास्त घ्या. लॉजवर रबरी बूट भाड्याने मिळतात, पण मुलांच्या आणि अम्मींच्या मापाचे आहेत का ते आधी विचारा. ओले बूट सुकवायला जुनी वर्तमानपत्रे कोंबायची, ही आपली पावसाळ्यातली युक्ती तिथेही चालली.

चौथी पिशवी जंगलाची

आता ज्या वस्तूंनी आम्ही सुरुवात केली होती त्या.

जळवांचे मोजे घट्ट विणीच्या कापडाचे असतात. ते साध्या मोज्यांवरून गुडघ्यापर्यंत चढवायचे आणि मग बूट घालायचे. पायजमा मोज्यांच्या आत. तरीही आमच्या लेकाच्या मानेला जळू लागलीच, झुडपावरून. आम्ही मीठ शोधू लागलो, कोकणात तेच करतात. वाटाड्याने थांबवले. मीठ टाकले किंवा चटका दिला की जळू पोटातले जखमेत ओकते. नखाची कड तिच्या तोंडाखाली सरकवून तिला अलगद सोडवायचे आणि जागा स्वच्छ कापडाने दाबून धरायची. जळू रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते, म्हणून रक्त बराच वेळ झिरपते, घाबरू नका. वाहत्या रक्ताने हनफी मसलकात वुजू तुटतो, शाफई मसलकात तुटत नाही. आपापल्या आलिमांना निघण्याआधी विचारून ठेवलेले बरे.

डासांचे मलम उघड्या त्वचेवर लावा, आधी उन्हाचे मलम आणि मग हे. काही मलमांतला डीट नावाचा घटक प्लास्टिक खराब करतो, म्हणून हात पुसल्याशिवाय दुर्बीण आणि चष्म्याला हात लावू नका. दुर्बिणीवर ८ गुणिले ४२ असे लिहिलेले असते. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हलत्या होडीत याहून जास्त पट घेतली तर चित्र थरथरते. घरात दोघांत एक दुर्बीण असली तरी मुलांची भांडणे टळतात.

कपाळावर बांधायची टॉर्च घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री नको, होडीत उलटते. टोपीचा रेनकोट हवा. कॅमेरा थंड खोलीतून थेट बाहेर आणला की भिंगावर दव धरते, म्हणून तो अर्धा तास पिशवीतच राहू द्या. तिथल्या भिंतीत इंग्रजी पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे प्लग बसतात, आपले बसत नाहीत. अडॅप्टर न्या. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा.

जवळच गोमांतोंगच्या गुहा आहेत. तिथे वटवाघळे आणि पाकोळ्या लाखोंनी राहतात. पाकोळ्यांची लाळेची घरटी लोक उंच शिड्यांवर चढून काढतात आणि ती महाग विकली जातात. आत जायचे तर टोपी आणि बंद बूट हवेतच. वरून काय पडते आणि खाली काय चालते, हे सांगण्यापेक्षा टोपी घाला एवढेच म्हणतो. आमची लेक झुरळांना भीत नाही असे म्हणायची. आता म्हणत नाही.

जे घरी ठेवावे

अत्तर, सुगंधी तेल. दागिने. मोठा आवाज करणारी खेळणी. घरचे खाणे. अम्मींसाठी आम्ही चटणी, लाडू, खजूर असा डबा नेला होता. खजुराचे पाकीट पाच मिनिटे गॅलरीत राहिले तर लांब शेपटीच्या माकडाने येऊन ते उचलले आणि छपरावर बसून आमच्यादेखत संपवले. खोलीत खाणे ठेवले की मुंग्या आणि उंदीरही येतात. मधुमेही माणसासाठी थोडे बिस्किट किंवा खडीसाखर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बाकी स्वयंपाकघरावर सोडा. मांस, दूध, झाडे यांपासूनचे पदार्थ परदेशात नेण्यावर नियमही असतात, ते पाहून घ्या.

आणि सर्दी-खोकला असेल तर संदाकानजवळच्या सेपिलोकला जाऊ नका. अनाथ ओरांगउटानांना पुन्हा जंगलात राहायला शिकवणारे ते केंद्र १९६४ साली सुरू झाले. आपला आजार त्या जनावरांना लागतो. तिथे पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात, नाहीतर एखादे पिल्लू ती ओढून नेते. बॅगेच्या भानगडीत आमची सेपिलोकची सकाळ गेलीच होती. परतीच्या दिवशी दोन तास मिळाले, तेवढ्यावर मुलांनी समाधान मानले.

आणि नदीवर काय झाले

संदाकानहून सुकाऊला जाताना दोन तास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची झाडे होती, रांगेत लावलेली. लेकीने विचारले, "हेच का जंगल?" चालक म्हणाला, "नाही, हे पामतेल." खरे जंगल नदीकाठी पट्ट्यापट्ट्यांनी उरले आहे. २००५ साली त्यातले सुमारे २६,००० हेक्टर अभयारण्य म्हणून राखले गेले. तिथे प्राणी सहज दिसतात, कारण त्यांना मागे सरकायला जागा फारशी नाही. लेकीने बॅगेतले बिस्किटाचे पाकीट काढून घटक वाचले. त्यात पामतेल होते. ती काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. पामतेल सर्वांत जास्त विकत घेणाऱ्या देशांत आपला देश आहे, एवढे तिला घरी आल्यावर सांगितले.

संध्याकाळी लांब नाकाची माकडे झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. नराचे नाक काकडीसारखे लोंबते. मुले हसून हसून दमली. नावाडी अम्मींना 'माकचिक' म्हणायचा, म्हणजे खाला. कुर्सीला तिथे 'केरुसी' म्हणतात, साबणाला 'साबुन' आणि दुनियेला 'दुनिया'च. एवढ्या शब्दांवर दोघांच्या गप्पा चालायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुके होते. आम्ही दुर्बिणी लावून बसलो होतो, काहीच दिसत नव्हते. अम्मींनी एकदम हात वर केला. "थांबा. धनेश." आम्हाला काही ऐकू येत नव्हते. नावाड्याने इंजिन बंद केले. मग ऐकू आले. वाफेचे इंजिन दुरून यावे तसा पंखांचा भस् भस् आवाज. धुक्यातून दोन मोठे पक्षी आमच्या डोक्यावरून गेले, चोचीवर लाल-पिवळे शिंग. नावाडी म्हणाला, "एंगांग!" अम्मी म्हणाल्या, "धनेश!" दोघेही हसले. किनाबातांगानला धनेशाच्या आठ जाती आहेत, त्यातली ही शिंगाची. आमच्या अम्मींच्या माहेरच्या डोंगरातला धनेश वेगळ्या जातीचा, पण पंखांचा आवाज तोच. साठ वर्षांपूर्वी झाडाखाली बसून ऐकलेला.

कॅमेरा आमच्या मांडीवर होता. झाकण काढायच्या आत पक्षी गेले. ज्या कॅमेऱ्यासाठी औषधांचा डबा उतरवला, त्यात त्या सकाळचा एकही फोटो नाही. आणि जिला 'जड' म्हणून मागे ठेवायला लोक सांगत होते, तिच्यामुळेच ते पक्षी आम्हाला दिसले.

परतीची बॅग अम्मींनी स्वतः भरली. औषधांचा डबा हातातल्या बॅगेत सगळ्यात वर. कॅमेरा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. तो फुटला नाही.

यंदा तुम्ही ताडोबाला निघा, आंबोलीला निघा की परदेशातल्या एखाद्या वनात. आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुमच्यासाठी काय घ्यायचं?" त्यांनी सांगितलेले सगळे भरले, की उरलेल्या जागेत जंगल भरा. एप्रिल ते ऑक्टोबर त्या नदीवर पाऊस तुलनेने कमी असतो, नोव्हेंबरपासून पुराचे दिवस. तिकिटे काढताना हे ध्यानात ठेवा. सफरची दुआ पढून निघा आणि सुखरूप परत या.

पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह. तोवर खुदा हाफिज.